गप्पी सोडणाऱ्या मंडळींना, ओढ्याकाठच्या एका काकूंचं खुलं पत्र

मित्रमैत्रिणींनो,

रविवारी सकाळी सातला ओढ्याच्या पुलावर जमायचं, जुने बूट घालून यायचं, मासे आम्ही देऊ, पोहे-चहा नंतर, असा तुमचा निरोप आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. सोबत चित्र होतं. निळंशार पाणी, मोरपंखी शेपटीचा मासा आणि त्याच्यापुढे जीव घेऊन पळणारा डास. खाली ठळक अक्षरांत 'चला, डेंग्यूला हद्दपार करू'. ओढ्याचं पाणी निळं असलेलं मी या भागात राहायला आल्यापासून पाहिलेलं नाही, पण चित्राला तेवढी सूट द्यायला हवी.

सांगायचं ते आधीच सांगून टाकते. ते गप्पी मासे ओढ्यात सोडू नका. नदीत नको, तळ्यात नको, टेकडीवरच्या खाणीत साचलेल्या पाण्यात तर अजिबात नको.

तुमच्यातल्या एकीशी मी हे लिफ्टमध्ये बोलले होते. ती म्हणाली, "काकू, सगळीकडेच सोडतात की. मासा डास खातो, त्यात वाईट काय?" मी उत्तर जुळवेपर्यंत तिचा मजला आला. प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर चार मजल्यांत मावणारं नव्हतं, म्हणून हे पत्र.

मी कुणी तज्ज्ञ नाही. एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं सहायक होते. बरण्यांतलं फॉर्मॅलिन बदलायचं, काचपट्ट्या पुसायच्या आणि प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी जाळी-बादली घेऊन ओढ्यावर किंवा तळ्यावर जाऊन जिवंत नमुने आणायचे, हे माझं काम. त्यामुळे पुस्तकातलं मला थोडं कळतं, बादलीतलं जरा जास्त.

आणि या बाबतीत मी स्वतः गुन्हेगार आहे, तेही कबूल करते. १९९७ च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्याला मलेरिया झाला. तेव्हा आम्ही एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर भाड्यानं राहायचो, मागे सिमेंटचा हौद होता. प्रयोगशाळेच्या काचेच्या टाकीतले बारा गप्पी मी जॅमच्या बाटलीतून घरी आणले आणि त्या हौदात सोडले. दिवाळीपर्यंत त्यांचे शेकडो झाले. हौदात डासाची एक अळी राहिली नाही, मी शेजारणींना हौसेनं दाखवायची. पुढच्या जुलैत हौद भरून वाहिला. त्याचं पाणी मागच्या चरातून ओढ्याला जातं, हे मला माहीत होतं. मनात आलं मात्र नाही.

दोन वर्षांनी नमुने आणायला गेले. ओढ्याच्या वरच्या अंगाला, पाणी अजून बरं होतं तिथे, आम्हाला एक लहान मासा मिळायचा. आमच्या प्रयोगशाळेत त्याला पिकू म्हणत. शास्त्रीय नाव अप्लोकायलस. बोटाएवढा, सडपातळ, तोंड वर वळलेलं, कारण तो पाण्याच्या पृष्ठभागालगत राहतो आणि वरचंच खातो. वरून पाहिलं की त्याच्या डोक्यावर चांदीची टिकली लावल्यासारखा एक ठिपका चमकतो. गढूळ पाण्यात मासा दिसत नाही, टिकली दिसते. मी जाळी टाकायची ती त्या टिकलीवर. त्या दिवशी दोन तास फिरले, टिकली दिसली नाही. पांढऱ्या एनॅमलच्या ताटात जाळी उपडी केली तर सगळे गप्पी. ते माझ्याच हौदातले होते असं मी म्हणणार नाही, सोडणारी मी एकटी नव्हते. सांडपाणी, राडारोडा, काँक्रीटच्या भिंती यांचाही त्यात वाटा होताच. पण माझे बारा त्यात नव्हते असंही मला म्हणता येत नाही.

आता डासाकडे येऊ. पुणेकराला पत्ता सांगण्याची भारी हौस असते, पण डासाचा पत्ता मात्र आपण हमखास चुकीचा सांगतो. डेंग्यू म्हटलं की बोट ओढ्याकडे.

डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका पसरवतो तो एडिस इजिप्ती. हा पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा डास. तोसुद्धा मूळचा इथला नाही, आफ्रिकेतला. जहाजांवरच्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपांत प्रवास करत तो जगभर गेला आणि पिंपाची सवय त्यानं अजून सोडलेली नाही. मादी अंडी घालते ती भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. भांडं कोरडं पडलं तरी अंडी महिनोन्‌महिने तग धरतात. पाणी पुन्हा तिथवर चढलं की अळी बाहेर येते आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून नुसतं पाणी ओतून भांडं पालथं घातलं की काम संपत नाही, कडा घासावी लागते. अंड्यांना चिकटून बसायला तेवढी कडा पुरते.

तर याचा पत्ता लिहून घ्या. फ्रिजच्या मागचा ट्रे. मनीप्लांटची बाटली. तुळशीच्या कुंडीखालची बशी. कबुतरांसाठी, चिमण्यांसाठी ठेवलेली वाडगी. गच्चीवरच्या टाकीचं न बसणारं झाकण. लिफ्टचा खड्डा. पार्किंगमध्ये कुणाचे आहेत हे कुणालाच ठाऊक नसलेले टायर. शेजारच्या बांधकामावर स्लॅबला घातलेलं पाणी. हा डास फार लांब उडत नाही, शेदोनशे मीटरच्या आतबाहेर त्याचा संसार. म्हणजे तुम्हाला चावलेला एडिस बहुधा तुमच्याच इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत जन्मलेला असतो. वाहत्या, सांडपाण्यानं काळ्या झालेल्या ओढ्यात तो अंडी घालायला जात नाही.

ओढ्यात, नदीत वाढतो तो क्युलेक्स. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुळा नदीच्या काठी संध्याकाळी खिडकी उघडता येत नाही तो याच्यामुळे. तो झोप घालवतो, हत्तीरोगाचा वाहक आहे, त्याला मी मुळीच हलकं लेखत नाही. पण त्याचा आश्रय जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या त्या हिरव्या सतरंजीखाली पाणी हलत नाही आणि मुळांच्या जंजाळात अळ्यांना सुखरूप आसरा मिळतो. वर ती फोफावते आपल्या सांडपाण्यावर. जलपर्णी आणि सांडपाणी जागच्या जागी ठेवून त्यात मासे सोडणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

झिका आपल्याकडे नवा नाही. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण २०२१ च्या जुलैत आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. २०२४ च्या जूनमध्ये एरंडवण्यापासून सुरुवात झाली आणि पुढे शहरभर रुग्ण निघाले. दोन्ही वेळा वाहक तोच, पिंपातला.

चुकीच्या पत्त्यावर जाण्याची या गावाला जुनी आठवण आहे. १८९७ च्या प्लेगात सोल्जर घरोघर शिरले, माजघरं उकरली, अंथरुणं जाळली, माणसं बाहेर काढून उभी केली. उंदीर पडायला लागले की घर सोडायचं, हे लोकांना आधीपासून कळत होतं. पण उंदरावरची पिसू रोग नेते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये, म्हणजे रँडच्या खुनानंतर वर्षभरानं. त्या सोल्जरांना पत्ता माहीत नव्हता, निदान एवढं तरी म्हणता येईल. आपल्याला माहीत आहे.

मग गप्पी ओढ्यात सोडून डेंग्यू कमी होत नसेल, पण बिघडतं काय? बिघडतं ते असं.

आधी नावाचं. गप्पी हा गप्पिष्ट मासा नव्हे. त्रिनिदादमध्ये राहणाऱ्या रॉबर्ट जॉन लेचमेर गप्पी नावाच्या गृहस्थांनी तो १८६० च्या दशकात लंडनच्या संग्रहालयाला पाठवला, त्यांचं आडनाव त्याला चिकटलं. त्याचं घर म्हणजे त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर किनारा. तिथे त्याला खाणारे मोठे मासे आहेत, इथल्या सांडपाण्याच्या ओढ्यात कोण आहे? तो अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो, साधारण महिन्याला एक वेत. मादी नराचं बीज शरीरात कित्येक महिने साठवून ठेवू शकते. म्हणजे एकटी मादी वाहत जाऊन एखाद्या डबक्यात पडली तरी वसाहत उभी राहते. ऑक्सिजन कमी असलेलं घाण पाणी त्याला चालतं, आपल्या बहुतेक माशांना चालत नाही. आणि तो अळीचा भक्त वगैरे नाही. शेवाळ, कुजकं, दुसऱ्या माशांची अंडी आणि पिल्लं, चतुराच्या पाण्यातल्या अळ्या, जे तोंडात मावेल ते खातो. काचेच्या टाकीत दुसरं काही नसतं म्हणून तो डासअळ्या फस्त करतो आणि तेच प्रात्यक्षिक आपण प्रदर्शनात पाहून येतो. आम्हीही दाखवायचो, म्हणून सांगते.

चतुराची अळी तुमच्यातल्या कितीजणांनी पाहिली आहे कोण जाणे. दिसायला ओबडधोबड, चिखलाच्या रंगाची, दगडाखाली गप्प बसलेली. तिचा खालचा ओठ हातासारखा दुमडलेला असतो. डासाची अळी जवळ आली की तो ओठ सटकन पुढे जातो आणि भक्ष्य घेऊन परत येतो. डोळ्याला दिसेपर्यंत संपलेलं असतं. मोठी झाली की तीच चतुर होऊन हवेत डास पकडते. डासाला दोन्हीकडून धरणारा असा पहारेकरी आपल्याकडे फुकट आहे आणि आपण त्याच्यावर गप्पी सोडतो.

गप्पीबरोबर आणखी कोण येतं तेही बघा. घरी मासे पाळणाऱ्यांना ठाऊक असेल, कधीकधी गप्पीच्या गुदद्वारातून लालभडक दोऱ्यासारखे कृमी लोंबताना दिसतात. तो कॅमालानस. हवाई बेटांवर डासांसाठी आणि हौसेपोटी सोडलेल्या अशा माशांबरोबर हा कृमी आणि एक टेपवर्म तिथल्या ओढ्यांत पोचले आणि मूळच्या माशांना लागले. बाजारातून आणलेल्या पिशवीत मासे मोजून मिळतात, कृमी मोजून कोण देतं?

गप्पीचा एक चुलतभाऊ आहे, गंबुशिया. तोही डासांसाठीच १९२८ मध्ये भारतात आणला गेला. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींची जी प्रसिद्ध यादी आहे, तिच्यात गंबुशिया आहे आणि एडिसचाच एक भाऊ, ज्याला टायगर मॉस्किटो म्हणतात, तोही आहे. डास आणि डासांवरचा उपाय एकाच यादीत! त्याच यादीत जलपर्णी आहे, टणटणी आहे, आफ्रिकन गोगलगाय आहे आणि आपल्या टेकड्यांवर हिरवाई म्हणून हौसेनं लावलेली सुबाभूळही आहे.

हे सगळं कुणी वाईट हेतूनं केलेलं नाही, हेच तर अडचणीचं आहे. पुण्याला या बाबतीत एक संशयास्पद मानही आहे. गाजर गवताची देशातली सुरुवातीची नोंद झाली ती पुण्यात, १९५० च्या दशकात. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून आलं म्हणून काँग्रेस गवत, असं आपण सांगत आलो. पण त्या गव्हाचा करार ऑगस्ट १९५६ चा आणि गवत त्याच्या आधीच इथल्या उकिरड्यांवर उगवलेलं होतं. तेव्हा दोषाची चिठ्ठी कुणाच्या नावानं फाडायची ते तुम्हीच ठरवा.

आता कुणी म्हणेल, गाजर गवतावर मेक्सिकन भुंगेरे सोडलेच की. सोडले. पण कसे? १९८३ मध्ये बंगळुरूला आणले, बंदिस्त ठेवून कोणकोणत्या झाडांना तोंड लावतात ते तपासलं, आणि मग १९८४ मध्ये बाहेर सोडले. पुढे ते सूर्यफुलावर दिसले तर केवढा गदारोळ झाला, चौकशी बसली. जलपर्णीवरच्या भुंग्यांचंही तसंच. एकाच वनस्पतीवर जगणारा कीटक आणि तरी इतकी खातरजमा. गप्पी तर समोर येईल ते खाणारा, आणि त्याला आपण रविवारी पोह्यांच्या आधी सोडणार.

काय घालवतोय तेही सांगते, कारण मुळा-मुठेत मासे होते हेच आता कुणाला खरं वाटत नाही. कर्नल सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा इथल्या लोकांनी सांगितलेली नावंच त्यानं शास्त्रीय नावात घातली. आपला महसीर, टोर खुद्री, त्याला हे नाव १८३९ मध्ये मिळालं ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. 'खुद्री' हा लॅटिन शब्द नव्हे, काठावरच्या कुणा भोयाच्या किंवा कोळ्याच्या तोंडचा असणार. ज्या नदीनं जगाला महसिराचं नाव दिलं तिथे आता जाळी टाकली तर चिलापी आणि गप्पी येतात. दोघंही पाहुणे.

गप्पी कुठेच नको असं माझं म्हणणं नाही. चहूबाजूंनी बंद हौद, जो रिकामा करता येत नाही, ज्याचं पाणी पावसाळ्यातसुद्धा ओढ्याला जाऊन मिळत नाही, तिथे त्याचा उपयोग आहे. पेठांतल्या जुन्या हौदांसारखी जागा समजा. पण 'मिळत नाही' हे छातीवर हात ठेवून सांगता आलं पाहिजे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्यानं काय केलं ते आपण पाहिलं आहे. भिंती पाडून, गाड्या उचलून नेणाऱ्या पाण्याला हौदाचा काठ तो किती.

तर येत्या रविवारी जमा जरूर, पोहेही करा. बूट मात्र नकोत, टॉर्च आणा. आपण ओढ्याकडे पाठ करून चार सोसायट्यांचे जिने चढू. मी ड्रॉपर आणि माझं ते जुनं एनॅमलचं ताट आणते. पांढऱ्यावर अळी लगेच दिसते. पृष्ठभागाला आडवी, समांतर तरंगत असेल तर ॲनोफिलिस, म्हणजे मलेरियाची. शेपटी वर आणि डोकं खाली करून लोंबत असेल तर एडिस किंवा क्युलेक्स. फ्रिजच्या ट्रेमध्ये असेल तर एडिसच समजा. गच्चीवरच्या टाक्या आधी बघू. शहरी मलेरियाचा आपला ॲनोफिलिस स्टीफेन्सी तिथलाच. जाता जाता सांगते, २०१२ मध्ये तो आफ्रिकेत जिबूतीला पोचल्याचं दिसलं आणि आता तिकडच्या शहरांना त्यानं घोर लावला आहे. तिकडून एडिस आला, इकडून हा गेला. फिट्टंफाट.

धूर फवारणीची गाडी मागवायचा विषय तुमच्या निरोपात होता. धुरानं त्या वेळी उडणारे डास मरतात, अळीला ढिम्म होत नाही आणि कपाटामागे बसलेला एडिस खिडक्या बंद असल्यानं वाचतो. साथ चालू असेल तेव्हा ठीक. एरवी आठवड्यातून एक कोरडा दिवस, कडा घासून. त्याचा फोटो चांगला येत नाही, हे मला मान्य आहे. सहा नंबरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांच्या बाल्कनीत एकोणीस बाटल्या मनीप्लांट आहे. तिथे सगळ्यांनी मिळून जाऊ, एकट्यादुकट्याचं ते ऐकत नाहीत.

राहिला प्रश्न तुम्ही मागवून ठेवलेल्या माशांचा. दुकानदार परत घेत असेल तर उत्तम. नसेल तर माझ्याकडे काचेच्या दोन टाक्या रिकाम्या आहेत, बाकीचे ज्यांच्या घरी झाकणाची टाकी आहे त्यांच्यात वाटू. मासे काढून झाल्यावर बादलीत उरलेलं पाणी मोरीत किंवा गटारात ओतू नका, बागेतल्या मातीत जिरवा. नुकतं जन्मलेलं पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढं असतं, पाण्यात दिसत नाही.

तुमची,
बी विंगमधली काकू